देवाला थांबायला सांगून पाहुण्यांकडे धावलेला म्हातारा

ऐन दुपारची वेळ. हेब्रोनजवळ मम्रे नावाच्या जागी, जुन्या झाडांच्या राईत एक तंबू ठोकलेला आहे. तंबूच्या दारात 99 वर्षांचा म्हातारा बसलाय. मान वर करून बघतो तर समोर तीन अनोळखी माणसं उभी. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 18वा अध्याय असा सुरू होतो.

हा म्हातारा म्हणजे अब्राहाम, मुसलमानांचा इब्राहीम. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही तो आपला वाटतो, आणि या तिघांत पाहुणचाराची गोष्ट निघाली की पहिलं नाव त्याचंच येतं. मराठीलाही तो परका नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात राशोलला छापून झालं. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा ओव्यांमध्ये आहेत. म्हणजे मराठी कानांना या म्हाताऱ्याची चारशे वर्षांची ओळख आहे.

गोष्ट तशी इवलीशी. पाहुणे येतात, पाय धुतात, जेवतात, जाताना एक बातमी सांगून जातात. पाहुणचाराचा भाग जेमतेम आठ वचनांचा. पण या आठ वचनांवर ज्यू पंडितांनी दोन हजार वर्षं खल केलाय, आणि त्याचं कारण पहिल्याच ओळीत आहे.

पहिलं वचन म्हणतं: मम्रेच्या राईत परमेश्वराने त्याला दर्शन दिलं. दुसरं वचन म्हणतं: त्याने डोळे वर करून पाहिलं तर तीन माणसं उभी होती. मग परमेश्वर कुठे गेला? तीन माणसं म्हणजेच परमेश्वर, की परमेश्वर वेगळा आणि माणसं वेगळी? पुढे तिसऱ्या वचनात अब्राहाम म्हणतो, “माझ्या स्वामी, माझ्यावर कृपा असेल तर तुझ्या दासाला सोडून पुढे जाऊ नकोस.” हिब्रूतला ‘अदोनाय’ हा शब्द माणसांसाठी आदराने ‘धनी हो’ असाही वाचता येतो आणि देवाचं नाव म्हणूनही. तो बोलतोय कोणाशी?

एक सरळ वाचन असं की तो पाहुण्यांच्या म्होरक्याशी बोलतोय. पण रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, दुसरंही एक वाचन केलं, आणि मला तरी सगळ्या गोष्टीची चावी तिथेच दिसते. त्या वाचनानुसार अब्राहाम देवाशीच बोलतोय. देव भेटायला आलेला आहे, तेवढ्यात उन्हातून चाललेले तीन वाटसरू दिसतात, आणि म्हातारा देवाला म्हणतो, जरा थांब, जाऊ नकोस, मी यांचं बघून येतो. बाबिलोनी तालमूद हा ज्यू पंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याच्या शब्बात या भागात रब यहूदाने आपल्या गुरूच्या, रबच्या, नावाने सांगितलेला निष्कर्ष आहे: पाहुण्यांना घरात घेणं हे खुद्द देवाच्या सान्निध्याचं स्वागत करण्यापेक्षाही मोठं. त्याला आधार म्हणून हेच तिसरं वचन दिलंय.

आपल्याकडे हे वाचल्यावर तोंडात लगेच येतं, ‘अतिथी देवो भव’. मीही पहिल्यांदा तसंच म्हणालो होतो, आपलंच झालं की हे. पण नीट पाहिलं तर दोन्हींची चाल उलटी आहे. तैत्तिरीय उपनिषदातलं वाक्य म्हणतं, अतिथीला देव मान. इथे अब्राहामाने त्या तिघांना देव मानलेलं नाही. रशी हा अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार तर तालमूदच्या आधाराने म्हणतो की पाय धुवायला पाणी देण्याचं कारणच असं होतं की अब्राहामाला वाटलं, हे पायाच्या धुळीची पूजा करणारे वाळवंटातले लोक असावेत, आणि ती धूळ घरात यायला नको. म्हणजे पुढे देवदूत ठरणारे हे तिघे त्याच्या नजरेत देवदूत नव्हतेच, उलट आपल्या श्रद्धेच्या पार विरुद्ध टोकाचे लोक होते. तरीही तो खऱ्याखुऱ्या देवाला उभं ठेवून त्यांच्याकडे धावला. पाहुण्यात देव दिसला म्हणून धावणं एक, आणि समोर देव असताना पाहुणा दिसला म्हणून धावणं दुसरं.

तालमूदमध्ये याच्या आधीचीही एक गंमत आहे. आदल्या अध्यायात अब्राहामाची सुंता झालेली असते. रब्बी सांगतात की हा त्याचा तिसरा दिवस होता, दुखणं ऐन भरात होतं. म्हाताऱ्याला आराम मिळावा, कोणी पाहुणा फिरकू नये म्हणून देवाने सूर्य म्यानातून बाहेर काढला. ऊन एवढं तापवलं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. अब्राहामाने नोकराला, एलियेजरला, बाहेर पाठवलं. तो बघून आला, म्हणाला कोणी नाही. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना, तो स्वतः दारात येऊन बसला. जखमेपेक्षा त्याला पाहुणा नसल्याचंच जास्त लागतंय हे पाहून मग देवाने तिघांना धाडलं. आजारी माणसाला पाहुण्यांचा त्रास नको म्हणून केलेली सोय त्याच आजारी माणसाला सोसवली नाही, असा हा प्रकार. आपल्या घरांतही एखादी आजी असते, तापाने फणफणलेली असली तरी ‘चहा टाक गं त्यांना’ म्हणून आतून ओरडणारी.

आता स्वयंपाकाकडे वळू, कारण गोष्टीचा जीव तिथे आहे.

दुसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत क्रियापदं मोजा. तो त्यांना भेटायला धावला. तंबूकडे घाईने गेला. बायकोला, सारेला, म्हणाला, लवकर कर. गुरांकडे धावला. गड्याने घाईने रांधायला घेतलं. हिब्रूत दोनदा धावणं आणि तीनदा घाई. मजकूर एरवी अतिशय काटकसरीने लिहिलेला, माणसं कशी दिसत होती, काय नेसली होती याचा एक शब्द नाही. पण ही धावपळ मात्र पाच वेळा नोंदवलेली. दुपारच्या उन्हात, शंभरी गाठत आलेला, जखमी म्हातारा.

आणि बोलतो काय? “थोडं पाणी आणवतो, पाय धुवा, झाडाखाली टेका. मी भाकरीचा तुकडा आणतो, खाऊन जिवाला आधार द्या, मग पुढे जा.” भाकरीचा तुकडा. आपल्या भाषेत चतकोर भाकरी. मग तंबूत जाऊन सारेला सांगतो: तीन सआ सपीठ घे, मळ, भाकरी कर.

सआ हे धान्य मोजायचं माप. आपल्याकडे पायली गावागणिक बदलायची तसा सआही काळाप्रमाणे थोडा बदललाय, पण साधारण सात लिटरच्या आसपास धरतात. तीन सआ म्हणजे वीस लिटरच्या वर पीठ, वजनात अकरा-बारा किलो. किलोभर पिठाच्या बारा भाकऱ्या धरल्या तरी हा आकडा सव्वाशे-दीडशेवर जातो. तीन माणसांसाठी! परातीत एका वेळी दोन किलो पीठ मळून बघा, मनगटं बोलायला लागतात. सारेने त्याच्या सहापट तिंबायचं होतं, आणि तिची नव्वदी आलेली. वर मऊ, चांगलं वासरू निवडून कापायला दिलं. पुढे दही-लोणी आणि दूध. तालमूदमध्ये एक पंडित तर म्हणतो, एक नव्हे तीन वासरं कापली, का, तर प्रत्येक पाहुण्याच्या पानात अख्खी जीभ पडावी, मोहरी लावून.

यावरून रब्बींनी काढलेला धडा दोन ओळींचा आहे: सज्जन थोडं बोलतात आणि पुष्कळ करतात, दुर्जन पुष्कळ बोलतात आणि थोडंही करत नाहीत. ‘चतकोर’ म्हणणं हा नुसता विनय नाही. पाहुण्याला आधीच सांगितलं की तुमच्यासाठी वासरू कापतो, तर तो संकोचाने उठून जाईल. कमी सांगितलं की तो बसतो. आपल्याकडे ‘घोटभर चहा घ्या’ म्हणून बसवून मग पोहे, लाडू आणि शेवटी ‘आता जेवूनच जा’ अशी चढण असते, तिचं शास्त्र हेच.

क्रमही बघण्यासारखा आहे. आधी पाणी, मग सावली, मग जेवण. वासरू कापून शिजेपर्यंत काही तास जाणार, तेवढा वेळ उन्हातून आलेला माणूस ताटकळणार नाही, कारण त्याचे पाय गार झालेत आणि पाठ झाडाला टेकलीय. आमच्याकडे गावी उन्हातून आलेल्याच्या हातात आधी गूळपाणी द्यायचे आणि तो ते पिईपर्यंत एक शब्द विचारायचा नाही असा दंडक होता. अब्राहामाने तर शेवटपर्यंत काही विचारलंच नाही. नाव, गाव, कुठून आलात, कुणीकडे निघालात, काहीच नाही. पाहुणे जेवत असताना तो त्यांच्याजवळ झाडाखाली उभा राहिला. बसला नाही. दारी नोकरचाकर असलेला माणूस वाढप्यासारखा उभा.

या जेवणात एक चमत्कारिक कोडं आहे. आठव्या वचनात पाहुण्यांपुढे काय ठेवलं त्याची यादी येते: दही-लोणी, दूध आणि वासरू. भाकरी नाही! एवढं बारा किलो पीठ तिंबलं, त्याचं काय झालं? सोपं उत्तर, लिहिणाऱ्याने गृहीत धरलं. पण तालमूदमधलं उत्तर वेगळं आहे. सारा त्या दिवशी बाजूला बसली. कितीतरी वर्षांनी तिची पाळी परत आली, त्यामुळे शुद्धतेच्या नियमाने ती कणीक वाढता आली नाही. पुढच्याच वचनांत पाहुणे सांगणार असतात की वर्षभराने सारेला मुलगा होईल. म्हणजे पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आधीच बातमी तिच्या शरीराला कळली होती, आणि तिचा पुरावा म्हणून पानात भाकरी नव्हती. पाळीला विटाळ म्हणणाऱ्या जगात त्याच पाळीतून आशीर्वाद वाचणारं हे भाष्य आहे.

(दही-लोणी आणि मांस एकत्र वाढलं, हे तर पुढच्या ज्यू आहारनियमांत बसत नाही. भाष्यकारांची त्यावरही तयारी आहे: दूध आधी, मांस नंतर, किंवा तो नियम अजून मिळायचाच होता. पंडितांना कधी कोड्यात पकडता येत नाही.)

सारा तंबूच्या आतून ऐकते आणि मनात हसते: मी अशी वाळून गेले, धनीही म्हातारे, आता कसलं सुख? देव अब्राहामाला विचारतो, सारा का हसली? आणि तिचं बोलणं सांगताना ‘धनी म्हातारे’ हा भाग गाळून ‘मी म्हातारी’ एवढंच सांगतो. नवराबायकोत वितुष्ट नको म्हणून खुद्द देवाने बातमीला कात्री लावली, असं रब्बी मिश्किलपणे नोंदवतात. मुलाचं नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. आईचं अविश्वासाचं हसू मुलाचं नाव झालं.

आता ज्या झाडाखाली हे सगळं चाललंय त्या झाडाबद्दल. ते अब्राहामाचं नव्हतं. उत्पत्तीच्या 14व्या अध्यायात मम्रे हे एका अमोरी माणसाचं नाव आहे, राई त्याची. अब्राहाम मेसोपोटेमियातल्या ऊर नगराकडून हारानमार्गे आलेला, तंबूतला माणूस. त्याच्या नावावर पहिली जमीन आली ती सारा वारल्यावर, तिला पुरण्यासाठी. 23व्या अध्यायात तो हित्ती लोकांना म्हणतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला कबरीपुरती जागा द्या. आणि मखपेलाची गुहा तो 400 शेकेल चांदी मोजून घेतो. त्याआधी इंचभरही नाही. म्हणजे मम्रेतला यजमान स्वतःच उपरा होता. ज्याच्या मालकीचं काही नाही तो दुसऱ्याच्या सावलीत तिसऱ्याला बसवतोय.

मला वाटतं पाहुणचाराबद्दलची आपली नेहमीची समजूत इथे मोडते. आपण धरून चालतो की घर असलं की पाहुणा येणार. जागा, भांडी, पैसा, मग अतिथी. हिब्रू परंपरा उलटीकडून येते. तिचा मुख्य शब्द आहे ‘गेर’, उपरा. बायबलच्याच लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आज्ञा येते: तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता. कारण बघा काय दिलंय. तुम्ही श्रीमंत आहात म्हणून किंवा पुण्य लागेल म्हणून नव्हे. तुम्हाला ते कसं असतं ते माहीत आहे म्हणून. तालमूदमध्ये एका ठिकाणी मोजलंय की परक्याला छळू नका हे तोराहने, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांनी, 36 वेळा बजावलंय, आणि काहींच्या मते 46. एवढ्यांदा बजावावं लागलं, याचा अर्थ माणसं तेव्हाही आजच्यासारखीच होती.

जेवण झालं, पाहुणे उठले. अब्राहाम त्यांना वाटेला लावायला बरोबर निघाला. हे पाऊल एका ओळीचं आहे, पण बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताने त्यावर अख्खा नियम उभा केला. त्याच्या धर्मसंहितेत तो म्हणतो, पाहुण्याला घेणं मोठं, पण पोचवायला जाणं त्याहून मोठं. आणि न पोचवणं म्हणजे रक्त सांडण्यासारखं. अतिशयोक्ती वाटते, पण त्या काळचे रस्ते आठवा. पाहुण्याच्या मागे कोणीतरी आहे हे चोराला दिसलं पाहिजे. आपल्या जुन्या मराठीत याला बोळवण म्हणत. वेशीपर्यंत जायचं, वळणावर थांबायचं, पाठमोरा दिसेनासा होईस्तोवर उभं राहायचं. आता आपण लिफ्टचं बटण दाबून देतो.

ही बोळवण संपते तिथून सदोम नगर दिसतं. पाहुणे तिकडेच चाललेत आणि तिथे आग बरसणार आहे. देव म्हणतो, मी जे करणार ते याच्यापासून कसं लपवू? आणि म्हातारा चक्क घासाघीस सुरू करतो. नगरात 50 सज्जन असतील तर? 45 असतील तर? 40? 30? 20? शेवटी 10. जे आपलं नाही अशा नगरासाठी तो देवापुढे सहा वेळा तोंड उघडतो. पानात वाढणारा हात आणि ही घासाघीस मला एकाच माणसाची वाटते. दुपारी तीन अनोळख्यांसाठी धावला, संध्याकाळी परक्या नगरासाठी भांडला.

लगेच 19व्या अध्यायात याच पाहुण्यांपैकी दोघे सदोमच्या वेशीत शिरतात. वेशीत अब्राहामाचा पुतण्या लोट बसलेला. तोही उठतो, नमस्कार करतो, आग्रहाने घरी नेतो, बेखमीर भाकरी भाजतो. काकाकडे शिकलेला आहे हे दिसतं. पण रात्री गावकरी घराला वेढा घालतात, पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात. सदोमचं पाप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लैंगिक गोष्टच येते. यहेज्केल संदेष्टा मात्र 16व्या अध्यायात सदोमचं पाप मोजतो तेव्हा वेगळंच सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि गरिबाला हात न देणं. मम्रेचा तंबू आणि सदोमची वेस या जोडीने ठेवलेल्या दोन गोष्टी आहेत. एकीकडे तंबू आणि उघडं दार, दुसरीकडे तटबंदी आणि भरलेली कोठारं.

लोटाबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर ही गोष्ट गोडगोड होईल. जमावाला शांत करायला तो आपल्या दोन मुली पुढे करतो. पाहुण्याची अब्रू राखायला पोटच्या पोरी. पाहुणे त्याला मागे ओढून दार लावतात म्हणून पोरी वाचतात. पाहुणचार कोणाच्या जिवावर चालतो हा प्रश्न इथे उघडाच राहतो, आणि अब्राहामाच्या घरीही तो सुटलेला नाही.

21व्या अध्यायात हागार आहे. मिसरी दासी, अब्राहामाच्या थोरल्या मुलाची, इश्माएलची, आई. इसहाकाचं दूध तुटल्यावर सारा म्हणते, या दासीला आणि तिच्या पोराला घालवून दे. अब्राहामाला ते जड जातं, पण देव सांगतो, सारेचं ऐक. पहाटे उठून तो हागारच्या खांद्यावर भाकरी आणि पाण्याची एक पखाल ठेवतो आणि पोरासकट तिला बैरशेब्याच्या रानात पाठवतो. तीन अनोळख्यांना बारा किलो पीठ, वासरू, दही-लोणी. स्वतःच्या लेकराच्या आईला भाकरी आणि पखाल. बोळवण या शब्दाचा दुसरा, आज रूढ झालेला अर्थ इथे लागू पडतो: तेवढ्यावर बोळवण केली. या वेळी तो वाटेपर्यंत गेला असं लिहिलेलं नाही. पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसते, मरताना बघवणार नाही म्हणून. देवाला पोराचं रडणं ऐकू जातं, विहीर दिसते. हिब्रूत हागार या नावाची अक्षरं ‘हा-गेर’ म्हणजे ‘तो उपरा’ या शब्दांसारखीच आहेत. उपऱ्यांसाठी धावणाऱ्याच्या घरात एक उपरी होती आणि तिच्यासाठी धावपळ झाली नाही. लिहिणाऱ्यांनी हे लपवलं नाही, दोन्ही अध्याय एकाच पुस्तकात तीन पानांच्या अंतराने ठेवले, हे त्यांचं मोठेपण.

पुढे ही गोष्ट तीन वाटांनी गेली. ख्रिस्ती परंपरेत, नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात सूचना येते: परक्यांचा पाहुणचार विसरू नका, काहींनी नकळत देवदूतांना घरात घेतलंय. इशारा मम्रेकडे आहे. तिथला ग्रीक शब्द ‘फिलोक्सेनिया’, शब्दशः परक्याची माया. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तीन देवदूत, टेबल आणि वाढणारे अब्राहाम-सारा असं चित्र याच नावाने रंगवत. इटलीत रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकातलं मोझेइक आहे, त्यात अब्राहाम ताट घेऊन येतोय आणि सारा दारात उभी आहे. पंधराव्या शतकात रशियातल्या आंद्रेइ रुब्ल्योव्हने मात्र आपल्या प्रसिद्ध त्रैक्याच्या, म्हणजे तीन रूपांतल्या एकाच देवाच्या, चित्रातून यजमान नवराबायकोला काढूनच टाकलं, फक्त तिघे ठेवले. चित्र अप्रतिम आहे. पण पीठ मळणारी सारा त्यातून गेली, हे मला खटकतंच.

कुराणात हूद आणि जारियात या सुरांमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये, हीच भेट येते. तिथला इब्राहीम पाहुण्यांच्या नकळत हळूच घरात जातो आणि वासरू घेऊन येतो. सांगूनसवरून गेलं तर पाहुणा ‘नको नको’ म्हणेल म्हणून, असं भाष्यकार सांगतात. चतकोर भाकरीचीच ही दुसरी तऱ्हा. फरक एक: तिथे पाहुण्यांचे हात अन्नाकडे जात नाहीत आणि यजमानाला भीती वाटते. अन्न न घेणारा पाहुणा म्हणजे शत्रू, हे वाळवंटातलं व्याकरण. अरबीत हेब्रोनचं नावच अल-खलील, म्हणजे मित्र, देवाचा मित्र इब्राहीम याच्यावरून. इराणी प्रवासी नासिर खुसरो 1047 मध्ये तिथे गेला तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला रोज एक गोल भाकरी, जैतुनाच्या तेलात शिजवलेल्या मसुरीचा वाडगा आणि मनुका मिळत होत्या. काही दिवस पाचशे माणसं येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथलं हे अन्नछत्र, तकिया, आजही चालतं.

आणि तिसरी वाट आपल्या कोकणातून जाते. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, गावकऱ्यांच्या भाषेत शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून. घरात मराठी बोलणारे हे ज्यू. वल्हांडण हा मिसरातून सुटकेचा सण. त्या रात्री जगभरचे ज्यू हग्गादा ही सणाची पोथी वाचतात, त्याच्या सुरुवातीला बेखमीर भाकरी वर धरून हाक देतात: जो भुकेला आहे त्याने यावं आणि जेवावं. हाक हिब्रूत नसून अरामीत आहे, एके काळच्या बोलीभाषेत. दाराबाहेरच्या भुकेल्याला समजलीच नाही तर बोलावण्याला अर्थ काय, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या हग्गादात हिब्रूबरोबर मराठी आहे, आणि चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका भाकरीचं पीठ करताना दिसतात. रुब्ल्योव्हने काढून टाकलेली सारा इथे परत आली, तीही मराठी वेशात.

शेवटी एक फारसी गोष्ट. शिराझच्या सादीने 1257 मध्ये लिहिलेल्या बुस्तान या काव्यात ती आहे. आठवडा झाला, इब्राहीमकडे एकही वाटसरू फिरकला नाही, म्हणून तो जेवला नाही. स्वतः रानात शोधायला निघाला. पांढऱ्या केसांचा एक थकलेला म्हातारा भेटला, त्याला आदराने घरी आणलं, पानावर बसवलं. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं, म्हाताऱ्याने घेतलं नाही. विचारलं तर म्हणाला, मी अग्निपूजक आहे, आमच्यात असं शिकवलेलं नाही. इब्राहीमने त्याला पानावरून उठवून हाकलून दिलं. तेवढ्यात आकाशवाणी झाली: मी याला शंभर वर्षं पोसलं आणि तुला तो घटकाभर सोसवला नाही?

सादीची गोष्ट देवाच्या बोलण्यापाशी थांबते. पुढे ती युरोपात गेली, सतराव्या शतकात जेरेमी टेलर या इंग्रज धर्मगुरूने सांगितली, अठराव्यात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने बायबलच्या भाषेची नक्कल करून लिहिली, आणि या वाटेवर तिला एक शेपूट जोडलं गेलं. त्यात अब्राहाम उठतो, रात्री रानात जातो, हाकलून दिलेल्या म्हाताऱ्याला शोधत फिरतो आणि सापडल्यावर तंबूत परत आणतो.